पोलादी राक्षसाचा पुनरवतार

"काय रे, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आलात आणि अजून कार्टूनच?"

वाचनालयाच्या पायरीवर एका मोबाईलवर डोकी जुळवून बसलेल्या आम्हा दोघांना आमच्या एका प्राध्यापकांनी हा प्रश्न विचारला. सर रागावले नव्हते, त्यांना खरोखरच नवल वाटले होते. आम्ही उभे राहिलो, ओशाळे हसलो आणि सर पुढे निघून गेले. प्रश्न मात्र मागे राहिला. तोंडी उत्तर देणे जमले नाही म्हणून ते येथे लेखी देत आहे. सरांनी वाचले तर आनंदच आहे. न वाचले तरी अंकाची पाने भरल्याचे पुण्य संपादकांच्या पदरी पडेलच.

आम्ही पाहत होतो ती अवाढव्य यंत्रमानवाची एक जपानी मालिका होती. तीही नवी नव्हे. जुन्या मालिकेची पुन्हा नव्याने केलेली आवृत्ती. अलीकडे असल्या पुनरावृत्त्यांचे पीक आले आहे. जे यंत्रमानव १९६० आणि १९७० च्या दशकांत जपानच्या घराघरांत लढले, तेच धूळ झटकून, नवा रंग लावून पुन्हा उभे राहत आहेत. माझा सोबती कन्नड विभागातला. त्याचे या बाबतीतले मत एका वाक्यात संपते : हा सगळा बाजार आहे. लहानपणी ज्यांनी ही चित्रे पाहिली ते आता पन्नाशी-साठीला आले, त्यांच्या खिशात पैसा आला, तो काढून घेण्यासाठी त्यांचे बालपण त्यांनाच परत विकायचे.

मत चुकीचे नाही, पण अपुरे आहे. बाजाराचेच म्हणाल तर तो पहिल्या दिवसापासून होता. गो नागाई यांचा ‘माझिंगर झेड’ १९७२ च्या डिसेंबरात दूरदर्शनच्या पडद्यावर आला आणि १९७४ मध्ये त्याची धातूची जड खेळणी दुकानात आली. ती इतकी खपली की पुढे कित्येक वर्षे मालिकेआधी खेळण्याचा विचार होऊ लागला. पाच यंत्रे जोडून एक राक्षस तयार होतो, याचे एक कारण कथेत असेल, पण दुसरे कारण असे की एका खेळण्याऐवजी पाच खेळणी विकता येतात. १९७९ सालची ‘गन्डम’ मालिका युद्धाविषयी इतकी गंभीर, पण प्रेक्षक मिळेनात म्हणून ती ठरल्याआधीच ४३ व्या भागावर गुंडाळली गेली, आणि तिला पुनर्जन्म मिळाला तो पुढच्या वर्षी बाजारात आलेल्या प्लॅस्टिकच्या जोडणी-संचांमुळे. तेव्हा ‘पूर्वी कला होती आणि आता धंदा झाला’ असे उसासे टाकण्यात अर्थ नाही. पूर्वीही धंदाच होता. प्रश्न एवढाच की त्या धंद्याच्या पोटात एखादा माणूस काही सांगू पाहत होता की नाही, आणि आज पुन्हा सांगणाऱ्याला ते ऐकू आले की नाही.

दुसरा आक्षेप असा की, तीच गोष्ट पुन्हा कशाला? या आक्षेपाचे उत्तर माझ्या मित्राने स्वतःच देऊन टाकले, त्याच्या नकळत. त्याच्या गावी, गोकाकच्या बाजूला, ‘श्रीकृष्ण पारिजाता’चा खेळ रात्रभर चालतो. सत्यभामा रुसणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. तरी लोक घोंगडी घेऊन बसतात. आमच्याकडे कीर्तनकार तेच आख्यान वर्षानुवर्षे लावतात आणि घरी जाताना लोक म्हणतात, "यंदा बुवांनी रंग भरला", किंवा "यंदा नाही जमले". म्हणजे गोष्ट तीच आहे ही तक्रार कोणीच करत नाही. रंग भरला की नाही एवढेच पाहतात. यंत्रमानवालाही तोच न्याय लावावा.

आता रंग भरला म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. हे उदाहरण जरा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण माझे सगळे म्हणणे त्यावरच उभे आहे.

‘तेत्सुजिन २८-गो’ म्हणजे ‘लोहमानव क्रमांक २८’. मित्सुतेरु योकोयामा या चित्रकाराने ही चित्रकथा १९५६ मध्ये एका मुलांच्या मासिकात सुरू केली. योकोयामा कोबे शहरचा, जन्म १९३४ चा. म्हणजे अमेरिकन विमानांनी १९४५ मध्ये कोबे जाळले तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. त्याच्या गोष्टीतला लोहमानव हा देवाने पाठवलेला रक्षणकर्ता नाही. तो महायुद्धाच्या अखेरीस जपानी लष्करासाठी तयार होत असलेले शस्त्र आहे. आधीच्या प्रयत्नांतून हा अठ्ठाविसावा क्रमांक साधला, पण तोवर युद्ध संपून गेले. शस्त्र उरले, युद्ध उरले नाही. ते एका शास्त्रज्ञाच्या शोतारो नावाच्या लहान मुलाच्या हाती येते आणि तो त्याच्या साहाय्याने चोर-दरोडेखोर पकडू लागतो.

या कथेची खरी गंमत एका लहानशा पेटीत आहे. लोहमानवाला मेंदू नाही, मन नाही. एका नियंत्रक पेटीवरून तो चालतो. पेटी शोतारोच्या हाती असेल तर तो सज्जन, दरोडेखोराच्या हाती पडली तर दुर्जन. आणि ती पेटी सारखी हातातून निसटत असते! मुलांना पाठलागाची मजा येते. पण ज्या देशाने आपली सारी पोलादी ताकद एका पिढीपूर्वी कोणाच्या तरी हाती सोपवली होती आणि त्याचे फळ भोगले होते, त्या देशातल्या मोठ्या माणसांना ती पेटी पाहून काय वाटले असेल? ज्या १९५६ साली ही चित्रकथा सुरू झाली, त्याच साली जपान सरकारच्या आर्थिक अहवालाने ‘युद्धोत्तर काळ आता संपला’ अशा अर्थाचे विधान केले आणि ते देशभर गाजले. सरकार म्हणते, संपला. चित्रकार म्हणतो, अहो, लोहमानव अजून हिंडतो आहे.

१९६३ मध्ये या कथेची कृष्णधवल चलच्चित्र मालिका झाली. ती सरळ साधी साहसकथा होती. युद्धाचा उल्लेख येई आणि जाई. मुलांना मजा हवी होती, ती मिळाली. पुढे २००४ मध्ये यासुहिरो इमागावा या दिग्दर्शकाने ती पुन्हा २६ भागांत केली. आम्ही पायरीवर पाहत होतो ती हीच.

इमागावाने एक विलक्षण गोष्ट केली. नव्या काळासाठी नवी आवृत्ती करताना सर्वसाधारणपणे कथा आजच्या काळात आणतात : मोबाईल देतात, उंच इमारती देतात. इमागावा कथेला मागे घेऊन गेला. त्याची मालिका युद्ध संपून दहा वर्षे झालेल्या जपानात घडते. शहर नव्याने उभे राहत आहे, दुकाने झळाळत आहेत, आणि जमिनीखालून एकेक जुने पाप वर येत आहे. कधी अर्धवट सोडलेला लष्करी प्रयोग, कधी कोणाला तरी विसरायचे असलेले संशोधन, कधी परतायला उशीर झालेला माणूस. शोतारो प्रत्येक वेळी जिंकतो, पण जिंकल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकत नाही. कारण आपल्या हातातली पेटी कोणत्या कामासाठी बनवली होती, हे त्याला हळूहळू कळत जाते. वडिलांनी मागे ठेवलेली इस्टेट ही अशी!

म्हणजे पाहा, जुन्या मालिकेत जे ओझरते होते ते इमागावाने कथेच्या मध्यावर आणून ठेवले. स्वतःच्या पदरचे काही घातले नाही. कथेच्या पोटात होते तेच बाहेर काढले. मी यालाच रंग भरणे म्हणतो. मालिका २००४ च्या एप्रिलात सुरू झाली आणि त्याच महिन्यात योकोयामाचे निधन झाले. त्याच वर्षाच्या आरंभी जपानने आपले स्वसंरक्षण दलाचे सैनिक इराकमध्ये पाठवले होते, पुनर्वसनाच्या कामासाठी. दिग्दर्शकाने हे मनात धरून मालिका केली असे माझे म्हणणे नाही. पण ज्या घरांत संध्याकाळच्या बातम्यांत ते सैनिक दिसत होते, त्याच घरांत पेटी कोणाच्या हाती हा प्रश्न विचारणारी मालिकाही दिसत होती.

येथे चित्रणाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, विज्ञान शाखेचा विद्यार्थी म्हणून. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. जपानी दूरदर्शन मालिकांना पैसा आणि वेळ दोन्ही कमी, म्हणून एकच चित्र तीन चौकटी दाखवून सेकंदाला आठ चित्रांत काम भागवत. शिवाय यंत्रे जोडली जाण्याचा देखावा एकदाच काढून तोच प्रत्येक भागात वापरत. काटकसर होती ती. पण त्या काटकसरीतून एक गुण निघाला : यंत्रमानव सावकाश हलतो, मधेच थांबतो, आणि त्यामुळे तो जड वाटतो. हात उचलला तर आता काहीतरी कोसळणार, असे वाटते. आजच्या संगणकाच्या साहाय्याने केलेल्या कित्येक पुनरावृत्त्यांत हेच हरवले आहे. तिथे शंभर टनांचे धूड फुलपाखरासारखे गिरक्या घेते. डोळ्यांचे पारणे फिटते, पण पोटात गोळा येत नाही. ज्याला वजन नाही त्याची भीती काय आणि आधार तरी काय! नवे तंत्र वाईट असे नव्हे. गुरुत्वाकर्षण विसरणारे तंत्रज्ञ वाईट.

आता दुसरे उदाहरण. ते जपानचे नाही, फिलिपाईन्सचे आहे.

‘व्होल्टेस फाइव्ह’ ही तादाओ नागाहामा यांची १९७७-७८ मधील ४० भागांची मालिका. पाच मुले, पाच यंत्रे, ती जोडून एक महाकाय. शत्रू परग्रहावरून येतो. त्या ग्रहावर ज्यांच्या डोक्यावर शिंगे तो सरदारवर्ग आणि बिनशिंगी ते गुलाम. ज्या मुलांची ही कथा, त्यांचा हरवलेला बाप हाच मुळी त्या ग्रहावरचा बिनशिंगी राजपुत्र निघतो. जन्मतः शिंगे नाहीत एवढ्या अपराधासाठी राज्य गेले, गुलामी आली. शेवटच्या भागांत लढाई पृथ्वीवर उरत नाही. त्या ग्रहावरचे गुलामच उठाव करतात आणि सम्राटाचे सिंहासन कोसळते.

जपानमध्ये ही अनेक मालिकांपैकी एक होती. फिलिपाईन्समध्ये ती १९७८ मध्ये दाखवली जाऊ लागली आणि तेथील मुलांनी तिला डोक्यावर घेतले. तो काळ फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीचा. १९७२ पासून लष्करी कायदा लागू होता. १९७९ च्या ऑगस्टमध्ये, मालिकेचे शेवटचे मोजके भाग उरले असताना, सरकारने तिच्यावर बंदी घातली. कारण दिले हिंसेचे. लोकांनी कारण मानले ते उठावाचे. खरे काय ते सांगणे कठीण आहे. बंदी एकट्या याच मालिकेवर नव्हती, इतर यंत्रमानवांच्या मालिकाही त्याच फटक्यात गेल्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण मुलांना कार्यकारणभावाचे काय? त्यांना एवढेच कळले की गुलाम उठणार होते आणि पडदा काळा झाला. शेवट न पाहिलेली एक अख्खी पिढी मोठी झाली. १९८६ मध्ये मार्कोस यांना देश सोडून पळावे लागले. मनिलाच्या रस्त्यांवर उतरलेल्या त्या गर्दीत व्होल्टेसचा शेवट न पाहिलेली कितीतरी पोरे असतील.

२०२३ मध्ये या मालिकेची नवी आवृत्ती निघाली, आणि ती जपानने नव्हे, फिलिपाईन्सच्या जीएमए या वाहिनीने काढली. चित्रे नव्हेत, खरी नटमंडळी आणि संगणकाने केलेली यंत्रे. मे ते सप्टेंबर, ८० भाग. शीर्षकगीत मात्र मूळ जपानीच ठेवले आणि ते एका फिलिपिनो गायिकेने जपानी भाषेतच गायले. कारण १९७८ मधल्या मुलांनी ते न समजता तसेच पाठ केले होते. मला हा तपशील फार आवडतो. अर्थ न कळताही जे पाठ होते त्याला हात लावायचा नसतो, हे आमच्या घरच्या आरत्यांवरून कोणालाही पटेल.

कलाकृती म्हणून ही नवी आवृत्ती निर्दोष नाही. ४० भागांचे ८० झाले तेव्हा त्यात पाणी वाढलेच. आपल्या मालिकांत सासू जिना उतरायला एक भाग घेते, तसा प्रकार तेथेही आहे. मुलांच्या आईने विमानासह शत्रूवर झेप घेऊन प्राण देण्याचा प्रसंग मूळ मालिकेत दुसऱ्याच भागात येतो आणि चटका लावून जातो. नव्या मालिकेत अश्रूंना बराच अवधी दिला आहे. तरीही मी तिच्या बाजूने आहे. कारण साधे आहे. ही मालिका दाखवली जात होती तेव्हा त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षपदी फर्डिनांड मार्कोस धाकटे होते, २०२२ मध्ये रीतसर निवडून आलेले. बापाच्या राजवटीत अर्ध्यावर थांबवलेली गोष्ट मुलाच्या कारकिर्दीत दुप्पट लांबीने शेवटपर्यंत सांगितली गेली. सम्राट पडला, आणि तो सगळ्यांनी घरात बसून पाहिला. यातून राजकीय निष्कर्ष काढण्याइतका मी शहाणा नाही. पण ‘तीच गोष्ट पुन्हा कशाला’ असे विचारणाऱ्यांना मी हे दाखवीन. काही वेळा पहिल्यांदा सांगून पूर्णच झालेली नसते.

इतका वेळ स्तुती केली. आता ज्या पुनरावृत्तीवर माझा राग आहे तिच्याकडे वळतो.

‘ग्रेन्डायझर’ ही १९७५ ते १९७७ मधील ७४ भागांची मालिका. हीही नागाईंचीच. नायक परग्रहाचा राजपुत्र. शत्रूने त्याचा ग्रह उद्ध्वस्त केला, तो पृथ्वीवर पळून आला. एका शास्त्रज्ञाने त्याला मुलगा मानले, आणि तो नाव बदलून गुरांच्या फार्मवर काम करू लागला. ही मालिका १९७८ मध्ये फ्रान्समध्ये आणि इटलीत तुफान गाजली. पण तिची खरी घरे अरब देशांत झाली. लेबनॉनमध्ये तिचे अरबी भाषांतर झाले ते तेथील यादवी युद्धाच्या काळात. बाहेर गोळीबार चालू आहे आणि आत मुले पाहत आहेत एका तरुणाची गोष्ट, ज्याला परत जायला देशच उरलेला नाही आणि जो आता दुसऱ्याची भूमी वाचवण्यासाठी लढतो. सामी क्लार्क या लेबनीज गायकाने म्हटलेले तिचे शीर्षकगीत अरब जगात आजही लोक गुणगुणतात.

अशा मालिकेची नवी आवृत्ती २०२४ मध्ये निघाली, सौदी अरेबियातील एका निर्मितीसंस्थेच्या पुढाकाराने, नामवंत जपानी मंडळींना हाताशी धरून. नीट विचार केला तर ही केवढी मोठी संधी! ज्यांनी ही कथा आपली मानली तेच आता ती पुन्हा सांगवून घेत आहेत. निर्वासितांच्या प्रश्नाने तर गेल्या काही वर्षांत जग ढवळून निघाले आहे. आणि झाले काय? ७४ भागांचा ऐवज १३ भागांत कोंबला. लढाया, गुपिते, जुन्या प्रेमाचे धागे यांची अशी गर्दी की गुरांना वैरण घालणारा, रात्री आकाशाकडे पाहणारा, कोणाला काही न सांगणारा तो एकाकी तरुण त्या गर्दीत सापडेना. चित्रे देखणी आहेत, यंत्राचा चकचकाट डोळे दिपवतो. पण घर गेलेल्या माणसाला फावला वेळ असतो आणि त्या फावल्या वेळातच त्याला घर आठवते. तो वेळच कापून टाकला तर उरते ती नुसती मारामारी.

रियाधमध्ये याच यंत्रमानवाचा ३३ मीटरहून उंच पुतळा मनोरंजन-नगरीत उभा केला आहे. कोबे शहरातल्या नागाता भागात लोहमानव क्रमांक २८ चाही पुतळा आहे, त्याच्या निम्म्याहून कमी उंचीचा. कोबे १९९५ च्या भूकंपात जमीनदोस्त झाले, नागाता भाग तर आगीत भाजून निघाला. तेथल्या व्यापाऱ्यांनी, आपल्या पेठेत माणसे परत यावीत म्हणून, आपल्याच गावच्या चित्रकाराचा लोहमानव २००९ मध्ये उभा केला, मूठ पुढे रोखलेला. दोन्ही पुतळ्यांची छायाचित्रे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. उंचीचा विचार मनात आला नाही.

‘गन्डम’चीही एक नवी आवृत्ती २०२५ मध्ये निघाली. तीत जुन्या मालिकेत हरलेला पक्षच युद्ध जिंकला असे कल्पून कथा रचली आहे. कल्पना मोठी चतुर आहे. तिच्याविषयी मी येथे लिहीत नाही, कारण चतुराईपलीकडे तीत काय आहे याविषयी माझे मत अजून पक्के व्हायचे आहे, आणि या अंकाची मुदत उद्या संपते.

लेख माझ्या कन्नड मित्राला वाचून दाखवला. (त्याला मराठी माझ्यापेक्षा बरे समजते, आणि मला कन्नड त्याच्या निम्मेही येत नाही, ही आमची जुनी थट्टा आहे.) लोहमानवाबद्दल त्याने मान डोलावली. व्होल्टेसबद्दल म्हणाला, "तू मालिकेची नव्हे, तिच्या नशिबाची स्तुती करतोस." हे मी मान्य केले. ग्रेन्डायझरवर मात्र तो अडला. "तू ती मूळ मालिका कधी पाहिलीस?" त्याने विचारले. "गेल्या वर्षी, मोबाईलवर, उपशीर्षके वाचत," मी म्हणालो. "आणि तेही सगळे भाग नाहीत. मग बैरूतच्या त्या पोराच्या वतीने तू कशाला रागावतोस? तो आता पन्नाशीचा असेल. त्याने नवी मालिका आपल्या नातवाला मांडीवर घेऊन पाहिली असेल, आणि तेरा भागांत त्याला जे दिसले ते तुला दिसणे शक्यच नाही."

मी म्हटले, हे लेखात घालतो. तो म्हणाला, घाल, पण माझे नाव नको. सर पुन्हा पायरीवर गाठतील.